पाण्याने न जाणारा मळ

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत नवी केरसुणी पाटावर ठेवतात, तिला हळदकुंकू वाहतात आणि लक्ष्मी म्हणून तिच्यापुढे हात जोडतात. शिंदीच्या पानांची ही केरसुणी वळण्याचे काम गावगाड्यात परंपरेने मातंग समाजाकडे असे. ज्या हातांनी ती वळली त्यांना मात्र उंबरठ्याच्या आत जागा नव्हती. याच केरसुणीचे दुसरे रूप डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवले आहे. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून चालावे लागे, म्हणजे त्याच्या पावलांनी 'बाटलेली' धूळ मागच्या मागे झाडली जाईल. घरात देवी असलेली वस्तू रस्त्यावर माणसाच्या कमरेला बांधली की त्याच्या अपवित्रतेची खूण होते. या विसंगतीला ढोंग म्हणून मोकळे होता येईल, पण तिच्या मुळाशी एक खरा धार्मिक प्रश्न आहे. साफ करणारी वस्तू पवित्र ठरते, तर साफ करणारा माणूस अपवित्र कसा ठरतो? माझे म्हणणे असे की शुद्धी हा वस्तूचा किंवा माणसाचा अंगचा गुण नाही; ती एक क्रिया आहे, आणि ती रोज नव्याने करावी लागते. आपल्या समाजाने या क्रियेचा गुण केला, तो जन्माला चिकटवला, आणि विसंगती तिथून सुरू झाली. याचा पुरावा पोथ्यांत आहेच, पण त्याआधी तो आपल्या मोरीत आणि ओट्यावर आहे.

घर साफ करायला पिढ्यान्‌पिढ्या काय वापरले गेले ते पाहा. चुलीतली राख, वापरून उरलेली चिंच, पिळून झालेल्या लिंबाची साल, नारळाची शेंडी, रिठ्याची टरफले, जुन्या लुगड्याचे फडके, शेण आणि माती. यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू म्हणजे काहीतरी वापरून झाल्यावर उरलेला भाग आहे. दुसऱ्या कुठल्या हिशेबात तिची जागा उकिरड्यावरच. पण तेलकट कढईवर राख टाकून शेंडीने घासली की काय होते? लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ओलसर राख अल्कलीसारखी काम करते आणि थोड्या तेलाचा तिथल्या तिथे साबण होतो. राखेतले बारीक कण घासणीचे काम करतात. पितळी तांब्यावर काळपट, हिरवट थर आला की चिंचेचा कोळ आणि चिमूटभर मीठ लावून घासतात. चिंचेतले टार्टरिक आम्ल धातूवरचा ऑक्साइडचा थर विरघळवते आणि खालचा पिवळा धातू वर येतो. रिठ्यातल्या सॅपोनिनला फेस येतो आणि दागिन्यांच्या नक्षीत अडकलेला मळ त्यात सुटतो. यात चमत्कार नाही, फक्त नेमक्या डागाला नेमकी वस्तू आहे. तेलाला अल्कली, धातूच्या गंजाला आम्ल, धुळीला ओले फडके. अदलाबदल केली की काम बिघडते. चिंचेने तेलकटपणा जात नाही आणि राखेने तांब्यावरचा थर नीट निघत नाही. म्हणजे 'शुद्ध करणारी' अशी एकच एक वस्तू स्वयंपाकघरात नाही. कोणती वस्तू शुद्ध करते हे समोर काय आहे यावर ठरते. आणि घरातले सर्वांत मळके चिंधूक, म्हणजे पोतेरे, हेच जमीन स्वच्छ करते.

मग स्वच्छ करणे म्हणजे नेमके काय? मळ नाहीसा होत नाही, तो हलतो. भांड्यावरचा शेंडीत जातो, शेंडीतला पाण्यात, मोरीतून गटारात, गटारातून नाल्यात आणि नदीत. साबणाचे रेणू तेलाभोवती गोळा होऊन त्याला पाण्याबरोबर वाहून नेतात; तेल संपवत नाहीत. हे ध्यानात न घेतल्याने शुद्धीचा देखावा खऱ्या कामाची जागा घेतो. सध्याचे एक लाडके उदाहरण खाण्याच्या सोड्याचे आहे. तुंबलेल्या मोरीत सोडा टाकून वर व्हिनेगर ओतले की भसाभस फेस येतो आणि पाहणाऱ्याला वाटते, काय साफ होतेय! प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात. फेस म्हणजे उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड, आणि मागे राहते सोडियम ॲसिटेटचे पातळ पाणी, जे दोघांपेक्षाही दुबळे असते. सोडा तेलकट ओट्यावर वेगळा घासावा, व्हिनेगर नळाच्या पांढऱ्या क्षारांवर वेगळे लावावे, तर दोन्ही कामाचे. दुसरीकडे, ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र केले तर क्लोरिन वायू सुटतो आणि साफ करणाराच गुदमरतो. फेस पाहून समाधान मानणे आणि गोमूत्र शिंपडून जागा शुद्ध झाली म्हणणे, यांत मला फार अंतर दिसत नाही. दोन्हींत काम झाल्याची भावना पुरेशी मानली आहे. खऱ्या शुद्धीची कसोटी एवढीच, की मळ होता तिथून हलला का, आणि हलला तर कुठे गेला.

काय शुद्ध आणि काय अशुद्ध, हे कायमचे ठरलेले नसते, हे पाहायला घोड नदीच्या काठी शिरूर तालुक्यातल्या इनामगावला जावे लागते. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. त्याचा मोठा अहवाल १९८८ साली निघाला. महाराष्ट्रातल्या आद्य शेतकऱ्यांचे आयुष्य इतक्या बारकाईने दाखवणारी दुसरी जागा सापडणे कठीण आहे. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० अशी नऊएक शतके तिथे वस्ती होती: आधी माळवा संस्कृतीची, मग जोर्वे संस्कृतीची पूर्वकाळातली, आणि अखेर उत्तर जोर्वे काळातली, गरिबीकडे उतरलेली. कुडाच्या, माती लिंपलेल्या भिंती, चोपून केलेली मातीची जमीन, आत चूल, धान्याची बळदे. आणि त्याच जमिनीखाली त्यांची मुले पुरलेली. लहान मूल दगावले की दोन मातीची मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत, आत मुलाचा देह असे. घराच्या जमिनीत खड्डा घेऊन ती जोडी पुरत आणि वरची जमीन पुन्हा नीट करत. मोठ्या माणसालाही बहुधा घरात किंवा अंगणात उताणे पुरलेले आढळते, घोट्याखालची पावले तोडून. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या एखाद्या बाईच्या पायाखालची एकच जमीन तिच्या स्वयंपाकाची होती, झोपायची होती आणि तिच्या मुलाच्या दफनाचीही होती. आपण ज्या गोष्टीला सर्वांत मोठे सुतक मानतो, जिच्यासाठी अंगावरचे कपडे भिजवतो, देवपूजा थांबवतो, ती गोष्ट तिने चुलीपासून हातभर अंतरावर ठेवली आणि तिथेच घर चालवले.

यावर लगेच हरकत येईल, आणि ती रास्त आहे. हाडांवरून मनातले विचार वाचता येत नाहीत. त्यांनाही मृत्यूचा विटाळ वाटत असेल, काही विधीने तो फेडत असतील. पावले तोडण्यामागे कसली भीती असेल, कसली श्रद्धा असेल. मृताने उठून जाऊ नये म्हणून पावले तोडली असे एक स्पष्टीकरण दिले जाते, पण तो तर्कच. म्हणून इनामगावचे लोक विटाळापासून मुक्त होते असा दावा मी करत नाही. तिथल्या वस्तीत उच्चनीच होतेच. गावप्रमुखाचे पाच खोल्यांचे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार सापडले, आणि कुंभार, सोनार, चुना भाजणारा अशा कारागिरांची घरे वस्तीच्या एका कडेला होती. माझे म्हणणे यापेक्षा छोटे आहे, पण पुरेसे आहे. मृत देह घरात असला की घर अपवित्र होते, ही काही निसर्गाने घालून दिलेली गोष्ट नाही. याच मातीत, याच नदीच्या पाण्यावर, ज्वारी-बाजरीच्या याच पट्ट्यात राहणाऱ्या माणसांनी ती सीमारेषा वेगळ्या ठिकाणी ओढली होती. सीमारेषा माणसे ओढतात. मग ती कुठे ओढली आणि कोणाच्या सोयीने, हे विचारण्याचा अधिकारही माणसांना आहे.

आता पोथ्यांकडे. धर्मशास्त्रांत 'द्रव्यशुद्धी' हा स्वतंत्र विषय आहे; भारतरत्न पां. वा. काणे यांच्या 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'त त्याची सविस्तर चर्चा मिळते. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय घेतला तर त्यात धक्का देणारी व्यवहारबुद्धी दिसते. सोन्याला नुसते पाणी पुरे. तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील, शिसे यांना ज्याच्या त्याच्या मानाने क्षार, आम्ल आणि पाणी. रेशमाला आणि लोकरीला खारी माती, विशिष्ट कांबळ्यांना रिठे. जमिनीला झाडणे, सारवणे, शिंपडणे, खरवडणे आणि गाई बसवणे. ही यादी ओट्यावरच्या हिशेबाचीच आहे, नेमक्या डागाला नेमकी वस्तू. त्याच अध्यायात आणखी दोन गोष्टी आहेत. एक, कारागिराचा हात नेहमी शुद्ध असतो आणि बाजारात मांडलेला मालही शुद्ध असतो. याचा अर्थ उघड आहे: ज्यावाचून अडते, तिथे शास्त्रानेही विटाळ बाजूला ठेवला. दुसरी, सर्व शुद्धींत पैशाच्या व्यवहाराची शुद्धी श्रेष्ठ. जो पैशात शुद्ध तोच शुद्ध, माती-पाण्याने धुतलेला नव्हे. पण हाच ग्रंथ पुढे-मागे काय म्हणतो? चांडाळ, रजस्वला, बाळंतीण, पतित आणि प्रेत यांना शिवलेल्याने स्नान करावे. ही यादी नीट पाहिली की तिच्यातली गाठ सापडते. रजस्वला आणि बाळंतीण ठरावीक दिवसांनी शुद्ध होतात. पतिताला प्रायश्चित्त आहे. शिवणाऱ्याला अंघोळ आहे. एकट्या चांडाळाला ना दिवस, ना पाणी, ना राख, ना प्रायश्चित्त. ज्या अध्यायात शिशापासून कांबळ्यापर्यंत प्रत्येक वस्तू कशाने स्वच्छ होते हे सांगितले, त्यात एका माणसाला धुण्याचे द्रव्य मात्र सांगितलेले नाही. जो मळ कुठल्याच पाण्याने जात नाही तो मळ नसतोच, असे मी म्हणतो. मळाची व्याख्याच मुळी अशी की तो निघू शकतो. जे निघू शकत नाही ते ठरवून लादलेले असते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, ते याच लादण्याविरुद्ध. आणि हा ग्रंथ स्वतःच्याच तर्काने आपल्याविरुद्ध साक्ष देतो म्हणून मी तो इथे पुढे केला आहे.

सुशिक्षित माणसाची हरकत इथे वेगळी असते. सोवळे-ओवळे हे त्या काळचे आरोग्यशास्त्र होते, जंतू माहीत नसताना पूर्वजांनी धर्माच्या नावाने स्वच्छता पाळायला लावली, असे तो सांगतो. यात थोडे तथ्य आहे. बाहेरून आल्यावर पाय धुणे, उष्ट्या हाताने वाढायला न घेणे, पाणी झाकून ठेवणे यांचा फायदा झालाच असेल. पण आरोग्यशास्त्र म्हणून त्याची परीक्षा घ्यायची तर ती पूर्ण घ्यावी. शेणाचे उदाहरण पाहू. शेण-मातीने सारवलेली जमीन धूळ धरून ठेवते, शेणातले तंतू मातीला भेगा पडू देत नाहीत, आणि पाच रुपयांचाही खर्च न येता अंगण नीटनेटके होते. एवढ्यापुरते ते उत्तम आहे. पण शेण पवित्र म्हणून ते निर्जंतुक असते असे नाही. गाई-बैलांच्या शेणात धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात, आणि नवजात बाळाच्या नाळेला शेण लावण्याच्या प्रथेने देशोदेशी अर्भकांचे बळी घेतले आहेत. एकच वस्तू अंगणात उपकारक आणि नाळेवर घातक ठरते. आरोग्यशास्त्र विचारते: काय, कुठे, किती, आणि ते निघाले का? सोवळे विचारते: कोणाचे? ज्याने जन्मावरून उत्तर ठरवले, त्याने पहिले चारही प्रश्न विचारलेलेच नाहीत. अस्पृश्याच्या सावलीत कोणता जंतू होता? सार्वजनिक तळ्यात गुरे पाणी पीत आणि माणसाला मनाई होती, हे कोणत्या आरोग्यशास्त्रात बसते? चोखामेळ्याच्या घरातल्या सोयराबाईने चौदाव्या शतकातच विटाळाबद्दल विचारले की देहाची घडणच ज्यातून होते त्याचा विटाळ मानायचा तर विटाळावेगळा देह दाखवा. त्या प्रश्नाला आरोग्याच्या नावाने आजवर कोणी उत्तर दिलेले नाही.

दुसरी हरकत अशी की हे सगळे इतिहासजमा झाले. आता घरोघरी वॉशिंग मशीन आहे, लिक्विड आहे, कोण कशाला शिवते हे कोणी पाहत नाही. अस्पृश्यता कायद्याने संपली हे खरे. पण स्वच्छतेच्या कामाभोवतीची सीमारेषा कायम आहे, फक्त तिचे नाव बदलले आहे. घरकामाच्या बाईला वेगळा कप आणि इमारतीत वेगळी लिफ्ट, ही शुद्धीच्या जुन्या हिशेबाची नवी पाने आहेत. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, आणि हाताने मैला साफ करायला माणूस लावणे २०१३ च्या केंद्रीय कायद्यानुसार गुन्हा आहे. तरी गटारात उतरून माणसे मरत असल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि २००८ मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर दारोदारचा कचरा गोळा करू लागली. त्यांची साधी मागणी काय आहे? ओला-सुका वेगळा करा, आणि वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला ते हाताने उघडून पाहावे लागणार नाही. घरातून मळ हलवताना तो कोणाच्या हातात जाणार याचा विचार करा, एवढेच ते मागत आहेत. आपल्या मोरीपुरते बघायचे आणि बाकीचे हात झटकायचे, ही सवय मंत्र गेले आणि लिक्विड आले तरी तशीच राहिली.

तिसरी हरकत सर्वांत अवघड आहे, कारण ती विरुद्ध बाजूने येते. स्वच्छतेला इतके तात्त्विक महत्त्व दिले की तिचे उदात्तीकरण होते, आणि ज्यांना ते काम जातीने लागले त्यांनाच 'तुमचे काम ईश्वरसेवा आहे' असे सांगून तिथेच ठेवले जाते. डॉ. आंबेडकरांनी गांधींवरच्या टीकेत, १९४५ साली, नेमके हेच दाखवले: ज्याला हे काम सोडता येत नाही त्याच्यासमोर त्याची थोरवी गाणे ही क्रूर थट्टा आहे. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि त्यानेच माझा मुद्दा नेमका होतो. थोरवी कोणाच्या तोंडी आहे, हे पाहिले पाहिजे. गाडगेबाबा (१८७६–१९५६) परीट समाजात जन्मले. दिवसा गावात खराटा चालवायचा आणि रात्री कीर्तनात लोकांना विचारायचे, देव कुठे आहे, असा त्यांचा क्रम होता. त्यांनी खराट्याची पूजा करायला सांगितली नाही. गावाच्या हातात खराटा दिला. रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकामाचा हक्क मागितला आणि सवर्ण कैद्याला ते काम देणार नाही म्हटल्यावर अन्न सोडले. त्यांनी काम गौरवले, पण आधी ते स्वतःकडे ओढून घेतले. जो काम वाटून घेतो त्याने त्याचा गौरव केला तर तो समतेकडे नेतो. जो काम दुसऱ्यावर टाकून गौरव करतो, त्याचा गौरव हीच बेडी असते. शासनाने २००० साली गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, त्यातून पुष्कळ गावांत हागणदारी कमी झाली, रस्ते झाडले गेले. पण पारितोषिकासाठी गाव झाडताना झाडू आजही कोणत्या वाड्यातली माणसे धरतात, हे विचारल्याशिवाय त्या स्वच्छतेचा पूर्ण हिशेब लागत नाही.

म्हणून घरातल्या साध्या वस्तूंनी केलेल्या साध्या स्वच्छतेला मी नुसती काटकसर मानत नाही. तिच्यात एक नैतिक गुण आहे, आणि तो शेणाच्या किंवा गोमूत्राच्या पावित्र्यातून आलेला नाही. राख, चिंच, लिंबू, सोडा, जुने फडके यांचा उपयोग घरातल्या कोणालाही करता येतो: मुलालाही, नवऱ्यालाही, आजोबांनाही. त्याला खास हात लागत नाहीत, म्हणून ते काम एका माणसाच्या किंवा एका जातीच्या अंगावर टाकण्याची सबब राहत नाही. त्यांतून मोरीबाहेर जे जाते ते बहुतेक माती होते. गटारात उतरणाऱ्याच्या डोळ्यांत आणि फुफ्फुसांत जात नाही. तीव्र ॲसिडची बाटली मोरीत ओतणे सोपे वाटते, कारण तिचे ओझे दुसऱ्या टोकाला कोणीतरी उचलत असते. हा फरक शुद्धी-अशुद्धीच्या कुठल्याही मंत्रापेक्षा मोठा आहे. धर्माला घराच्या स्वच्छतेबद्दल काही सांगायचे असेल तर त्याने वस्तूंना देवत्व देणे आणि माणसांना विटाळ देणे दोन्ही थांबवावे. पाटावरच्या केरसुणीला हळदकुंकू जरूर वाहावे, पण त्याआधी घरातला केर कोणी काढला हे विचारावे, आणि उत्तर रोज एकाच माणसाचे येत असेल तर दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्याच्या हातात द्यावी. शुद्धी हे काम असेल तर ते सर्वांच्या वाट्याला यायला हवे. जे घर, जो वाडा, जे गाव ते काम वाटून घेत नाही, ते कितीही चकचकीत असले तरी त्याचा मळ अजून तिथेच आहे, फक्त दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवलेला.